ब्रेकताईंचं अस्तर उसवलं

आमच्या भागातल्या निम्म्या लोकांना गाडी शिकवली ती ब्रेकताईंनी. शिकाऊ गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो. त्यावर पाय ठेवून त्या खुशाल गाणी गुणगुणायच्या. वय पंचेचाळीस, अंग शिडशिडीत, ना बीपी ना साखर, आणि हसणं असं की पलीकडच्या गल्लीतला माणूस वळून बघेल.

त्या सकाळी स्टिअरिंगवर घड्याळजीकाका होते. साठी उलटल्यावर गाडी शिकायची हौस आलेली, पण दुसऱ्या गिअरच्या वर जायचं नाही हा त्यांचा बाणा. सायकलवाले त्यांना मागे टाकताना टाटा करत.

चौकात ताईंच्या छातीवर कुणी गोणी ठेवल्यासारखं झालं. डावा हात जड, जबड्यात कळ, कपाळावर घाम.

"काका, हॉस्पिटलकडे घ्या."

"आज तर रिव्हर्स शिकवणार होतात ना?"

"अहो, मला बहुतेक अटॅक येतोय!"

काकांनी एकदा त्यांच्याकडे बघितलं आणि तिसरा गिअर टाकला. मग चौथा! हॉर्नवरचा हात काही निघेना. ताई छाती धरून "इंडिकेटर, काका, इंडिकेटर!" ओरडत होत्या आणि मध्येच हसतही होत्या. हॉस्पिटलच्या दारात गाडी गचका देऊन बंद पडली.

"ॲसिडिटी असेल," तिथला तरुण डॉक्टर म्हणाला. मग ईसीजी निघाला आणि त्याची धावपळ सुरू झाली.

अँजिओग्राफी झाल्यावर हृदयाच्या डॉक्टरबाई ताईंच्या उशाशी आल्या. "तुमच्या रक्तवाहिनीत चरबी साठलेलीच नाही. वाहिनीच्या भिंतीचा आतला पदर आपोआप फाटलाय. त्या फटीत रक्त शिरलं, भिंत फुगली आणि वाट अडली. असा अटॅक क्वचित येतो. आला तर बहुधा तुमच्यासारख्या धडधाकट बायकांना."

"म्हणजे माझं अस्तर उसवलं?"

"अगदी तसंच."

"मग शिवा ना!"

"नको. वाट पूर्ण बंद नाही, रक्त पुढे जातंय. उगीच स्टेंट बसवायला आत तार घालायला गेलो तर आणखी फाटायचं. औषधं घ्या, जड उचलू नका. बहुतेकदा ते आपलं आपण भरून येतं."

तेवढ्यात ताईंचे यजमान धापा टाकत आले. एका पायात बूट, दुसऱ्यात चप्पल. ताईंना असं हसू फुटलं की मॉनिटर किंचाळायला लागला आणि नर्सने यजमानांनाच बाहेर काढलं.

घरी आल्यावर मात्र हसू थोडं आटलं. एकट्या असल्या की ताई छातीवर हात ठेवून ठोके ऐकत बसायच्या. बारीकशी कळ आली तरी यजमानांना हाक मारायच्या. "पुन्हा फाटलं तर?" त्या विचारायच्या. यजमान म्हणायचे, "चल, कोपऱ्यापर्यंत जाऊन येऊ." कोपऱ्याचा चौक झाला, चौकाची बाग झाली.

काही महिन्यांनी पुन्हा तपासणी झाली. डॉक्टरबाईंनी पडद्यावर बोट ठेवलं. "बघा, कुठे फाटलं होतं ते शोधून दाखवा!"

ताईंनी आधी डॉक्टरबाईंना मिठी मारली, मग नर्सला, मग चुकून दुसऱ्याच पेशंटला. लिफ्टमध्ये एक अनोळखी गृहस्थ भेटले. त्यांचे दोन्ही हात धरून त्या म्हणाल्या, "सगळं छान झालं हो!"

गृहस्थ गोंधळले, पण खुलले. "अभिनंदन! मुलगा की मुलगी?"

"रक्तवाहिनी!" ताई म्हणाल्या.