तुकाभावजींची कॉफी

आमच्या घरात कॉफी आणली ती तुकाभावजींनी. तोवर आमच्या गावात कॉफी म्हणजे मास्तरांच्या घरी कुणी अंथरूण धरलं तर जायफळ घालून द्यायचं औषध. लढाई संपली त्या साली माझे हे धाकटे दीर पलटणीतून सुटून घरी आले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी माझ्या चुलीचा ताबा घेतला आणि भाकरीच्या तव्यावर ट्रंकेतून आणलेल्या कॉफीच्या बिया भाजायला घातल्या. सासूबाई गोठ्यातून ओरडतच आल्या, "काय करपलं गं? ध्यान कुठं हाय तुजं?" बोलणी मी खाल्ली, आणि हे महाशय उलथनं फिरवत मला म्हणतात कसे, "वैनी, करपाय नगं आन् कच्चंबी ऱ्हाय नगं. मद्रासी असाच भाजतो, बगून ठेवा."

मग ती खलबत्त्यात कुटायची, गुळाच्या पाण्यात उकळायची, फडक्यातून गाळायची आणि मगभर घेऊन सोप्यात बसायचं, डावा पाय लांब पसरून. त्या पायाखाली घोंगडं नको की वर वाकळ नको. पहाटेची थंडी असो, पाय उघडाच. सासूबाई म्हणाल्या, "आरं, वारं लागंल." तर म्हणाले, "आये, त्या पायाला उकडतंय." आम्ही हसलो. माणूसच तसा गमत्या होता. म्हशीला 'हाल्ट' म्हणायचे, आणि ती थांबायची सुद्धा!

त्यांचं लग्न पलटणीत जायच्या आधी झालेलं. बायको हौसा, शिरवळकडची. नांदायला आली आणि नवरा बोटीत बसून ब्रह्मदेशात गेला. इतकी वर्षं पोरीनं सासर केलं ते माझ्या सोबतीनं. नवऱ्याची म्हणून जी ओळख व्हायची ती झालीच नव्हती. ते आले तेव्हा ती महिनाभर त्यांच्यासमोर पदर सावरूनच बोलायची.

आणि मग आला दिवाळीचा पाडवा. भावजी पाटावर बसले होते, हौसानं ओवाळलं, आणि आमच्या रीतीप्रमाणे वाकून नवऱ्याच्या पायावर डोकं टेकलं. नेमकं डाव्या पायावर! भावजी असे किंचाळले की चुलीपुढं मी दचकले. पाय हिसडला गेला, तबक उडालं, निरांजन विझलं. हौसा मागच्या मागं भिंतीशी कोलमडली. भाऊबीजेसाठी तिला न्यायला आलेला तिचा थोरला भाऊ दारातच उभा होता. त्यानं पाहिलं ते एवढंच, की पाया पडणाऱ्या बहिणीला नवऱ्यानं ऐन पाडव्याला लाथ मारली. त्यानं घोटभर पाणी सुद्धा घेतलं नाही. तिला घेऊन गेला तो गेलाच.

त्या दिवशी दुपारी मी भावजींना धारेवर धरलं. म्हटलं, "बाहेर कुणी ठेवली असंल तर सांगून टाका. त्या पोरीचा का जीव घेताय?" तेव्हा कुठं त्यांनी तोंड उघडलं. ब्रह्मदेशात गोळ्याची कपची पिंढरीत शिरली होती. जखम भरली, वर चिंचोक्याएवढा पांढरा वण राहिला. पण आतली शीर दुखावली ती कायमची. कापड लागलं, बोट लागलं, तरी पिंढरीपासून बोटांपर्यंत आगीचा लोळ उठायचा. इस्पितळात शेजारच्या खाटेवरच्या मद्रासी शिपायानं आपल्यातली कॉफी पाजली, तेव्हा पाय पहिल्यांदा घटकाभर गप्प बसला. तेव्हापासून ती सुटली नाही. "वैनी," ते म्हणाले, "लडाई सपली म्हणत्यात. पर ह्या पायाला तार आली न्हाई अजून." आणि वर मला आण घातली, कुणाला सांगायचं नाही, शिपाई असून कण्हतो म्हणतील. ती आण मी दिवस मावळेपर्यंत पाळली आणि मग आमच्या ह्यांना सगळं सांगितलं. घरातल्या बाईनं असल्या आणा पाळल्या तर घर चालायचं कसं?

ह्यांनी शिरवळला निरोप धाडला. उत्तर आलं, चिंचोक्याएवढ्या वणाच्या थापा आम्हांला नकोत. चैत्रात चार माणसं बसवून काडीमोड करून टाकू, आमच्या पोरीला दुसरं घर मिळेल. भावजी ऐकून उठले आणि कॉफी करायला गेले. त्या दिवसांत सकाळी कॉफी, दुपारी कॉफी, जेवणावर कॉफी. झोप म्हणाल तर नावाला नाही. डोळे लाल, आणि तोंड उघडलं की अंगावर यायचे. म्हैस सुद्धा थांबेनाशी झाली.

शेवटी ह्यांनी त्यांना मिरजेला नेलं, मीही गेले. डॉक्टर वयस्कर, शांत बोलणारे. म्हणाले, "कॉफीनं दुखणं थोडं मागं सरतं, तुमचं खोटं नाही. पण ती झोप नेते. झोप नसली की दुखावलेली शीर दुप्पट ओरडते, मग तुम्ही आणखी कॉफी पिता. सकाळी एकदा घ्या. दुपारनंतर थेंब नको." भावजी चिडले, "सायेब, मग रात कशानं काडू?" डॉक्टर म्हणाले, "पहिले काही दिवस वाईट जातील. नंतर बघा."

वाईट म्हणजे किती वाईट, ते माझं मला ठाऊक. बियांचा डबा मी ज्वारीच्या कणगीत पुरून ठेवला होता. भावजींचं डोकं ठणकायचं, कपाळाला फडकं करकचून बांधून बसायचे, आणि तिन्हीसांजेला माझ्यामागं लागायचे, "वैनी, अर्दा मग. बरं, वास तरी घिऊ द्या." पण मी म्हणायची, "हौसा पायजे का कॉफी, ते ठरवा." मग ते आपले निमूट उठून मळ्याकडं जायचे. हळूहळू झोप लागू लागली. दुखणं गेलं नाही, खोटं कशाला बोलू? पण माणूस माणसात आला.

चैत्रात भावजी आणि मी शिरवळकडं निघालो. ह्यांची मळ्याला पाणी पाजायची पाळी होती, आणि खरं म्हणजे अशा बैठकीत तोंड माझंच चालतं. सर्व्हिस मोटारीत गर्दी, जो तो पायाशी बोचकं सारायचा. खंबाटकीचा घाट उतरेपर्यंत भावजींनी दातांनी ओठ फोडून घेतला होता.

पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. सोप्यात चार जाणती माणसं, हौसाचे वडील, तो थोरला भाऊ. हौसा आत, दाराआड. बोलणं सुरू होणार एवढ्यात हौसाची आई कपबशी घेऊन आली. जावयाला कॉफी लागते असं लेकीकडून ऐकून बिचारीनं मुद्दाम कुठून तरी पैदा केली होती. वास आला आणि मी भावजींकडं पाहिलं. आमच्याकडं बैठकीत समोर आलेला कप बाजूला सारला, की सोयरीक मोडली असंच धरतात.

भावजींनी कप दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला आणि खाली ठेवला.

भाऊ उसळला, "बगितलं? घोटभर प्यायचीबी तयारी न्हाई!"

"पावणं, पिऊ वाटतंया. लय पिऊ वाटतंया," भावजी म्हणाले. त्यांचा आवाज असा मी कधी ऐकला नव्हता. "पर आता प्यालो तर आजची झोप गेली. झोप गेली की उद्या ह्यो पाय मला माणसात ठेवत न्हाई. आन् उद्या हिला घिऊन जायाचं हाय मला. वाटंत हिच्यावर वरडायचं न्हाई. पाडव्याला वरडलो त्येवडं बास झालं."

"कशाचा पाय? कुठं काय दिसतंय?" भाऊ म्हणाला.

तेवढ्यात हौसा दाराआडून बाहेर आली. चार पुरुषांसमोर ती कधी आली नव्हती. काही न बोलता भावजींच्या पुढ्यात बसली आणि हातात धरलेल्या पदराचं नुसतं टोक त्या उघड्या पायाच्या बोटांवरून हलकेच नेलं. भावजींचा चेहरा पांढराफटक पडला. कपाळावर घाम डवरला. पण पाय त्यांनी हलवला नाही.

हौसानं पदर झटकन मागं घेतला. तिचे डोळे भरून आले. "दादा," ती म्हणाली, "ह्यास्नी पदर सुदीक सोसंना. आन् त्या पायानं मला लाथ मारली म्हणतूस?" मग तिनं खालचा कप उचलला आणि तोंड वाकडं करत सगळी कॉफी पिऊन टाकली. "आये, कप रिकामा झाला गं. आता बैठक उठवा."

उठली बैठक. हौसाचे वडील उपरण्यानं डोळे पुसत बाहेर गेले, आणि मी, मी तर ढसाढसा रडले.

भावजी सोप्यात झोपले, आम्ही बायका माजघरात. पहाटे जाग आली तर हौसा शेजारी नव्हती. बघते तर बया सोप्याच्या उंबऱ्यात बसलेली, डोळे टक्क उघडे. जन्मात कधी न घेतलेली कॉफी, झोप कुठली यायला? मी म्हटलं, "अगं, रातभर अशीच बसलीस?"

तिनं तोंडावर बोट ठेवलं. सोप्यात तुकाभावजी घोरत होते.

"व्हय आक्का," ती हळूच म्हणाली. "लगीन होऊन इतकी वर्सं झाली, पर नवरा नीट बगितलाच नव्हता."