कामाचा फोन

बंदरामागच्या गल्लीत तिला सगळे सोफेवाली म्हणायचे. लग्न होऊन या घरात आली तेव्हा तिला उशीची खोळसुद्धा धड शिवता येत नव्हती. दुकान सासऱ्यांचं. बसून बसून दबलेले सोफे, दवाखान्यातल्या फाटक्या खुर्च्या, शाळेच्या बसमधल्या सीटा, असलं काय काय तिथं येऊन पडायचं आणि म्हातारा त्यांना नव्यानं उभं करायचा. मुलानं हाताखाली यावं अशी त्याची फार इच्छा. पण मुलगा बोटींकडे बघत मोठा झालेला. लग्नाला वर्ष व्हायच्या आत तो एका मालवाहू जहाजावर इंजिनाच्या खात्यात लागला. निघाला त्या दिवशी म्हातारा दुकानाबाहेर आला नाही. आत एका खुर्चीला बारीक खिळ्यांसारख्या चुका ठोकत बसला. मुलगा पाया पडायला वाकला तेव्हा हातोडी तेवढी थांबली. "जा," एवढंच तो म्हणाला, तेही खुर्चीकडे बघून.

मग घरात दोघंच उरली. तो दुकानात, ती स्वयंपाकघरात, मधे एक दार. दिवसभर नुसती ठकठक ऐकत बसायचा तिला कंटाळा आला आणि एका दुपारी तिनं आपणहून दाभण हातात घेतलं. म्हाताऱ्यानं काही शिकवलं नाही, फक्त वाकडा टाका दिसला की घसा खाकरायचा. तेवढ्यावर ती शिकली. पट्ट्या कशा विणायच्या, स्प्रिंग कशी बांधायची, कापड किती ताणायचं आणि कुठे सोडायचं, सगळं. म्हाताऱ्याच्या हाताला कंप सुटला तेव्हा दुकान तिच्या हाती कधी आलं, हे दोघांनाही कळलं नाही.

जहाजावरच्या माणसाशी बोलायचं तर कंपनीच्या कचेरीत जावं लागे. तिथं एक फोनचं टेबल होतं आणि टेबलामागे एक बाई. ती कुठून कुठून जोडत जोडत जहाज गाठायची आणि "बोला, लागलाय" म्हणून रिसीव्हर पुढे करायची. सून आठवड्यातून एकदा जायची. सासरे सोबत यायचे, पण बाकावर बसून राहायचे. फोन कधी हातात घेतला नाही. परतताना मात्र विचारायचे.

"काय म्हणाला?"

"बरे आहेत."

"जेवतो का वेळेवर?"

"जेवतात, मामंजी."

पुढचा आठवडा एवढ्यावर निघायचा. अशी बरीच वर्षं गेली. मुलगा सुट्टीवर यायचा तेव्हाही बाप-लेकांत कामापुरतंच बोलणं व्हायचं.

मग कंपनीनं जाहीर केलं की आता मोबाइलवरच बोलायचं, अगदी समोरासमोर, चेहरा बघत. कचेरीच्या भिंतीवर हसऱ्या कुटुंबांची चित्रं लागली. सोय सुरू होणार सोमवारी, आणि त्याच सोमवारपासून फोनचं टेबल बंद. टेबलामागच्या बाईंना निरोपाचा हार घालून झाला. सोफेवालीला हे पटलं होतं. घरबसल्या नवऱ्याचं तोंड दिसणार असेल तर कुणाला नको आहे?

त्याच दिवसांत म्हाताऱ्याच्या हृदयानं हात टेकले. पायांवर सूज, दोन शब्द बोललं की धाप. रविवारी सकाळी डॉक्टर घरी येऊन तपासून गेले. म्हाताऱ्यानं त्यांनाच सुनावलं, "माझं राहू द्या, तुमच्या खुर्चीची स्प्रिंग गेलीय, ती आधी पाठवून द्या." डॉक्टर हसले. दाराबाहेर आल्यावर मात्र हळू आवाजात म्हणाले, "जवळच्यांना कळवून टाका. फार दिवस नाहीत."

कचेरी रविवारची बंद होती. संध्याकाळी ती सासऱ्यांना औषध देत होती.

"उद्या तो नवा फोन सुरू होतोय ना?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"हो."

"उद्या मी बोलेन त्याच्याशी."

तिच्या हातातला चमचा हातातच राहिला. काही विचारावं तर विचार बदलेल, म्हणून ती फक्त "बरं" म्हणाली.

सोमवारी सकाळी म्हाताऱ्यानं स्वच्छ शर्ट मागून घेतला. तिनं त्याचे केस विंचरले, पाठीशी उशा लावून बसवलं आणि मोबाइल उघडला. पडद्यावर एक गोल फिरू लागला. खाली अक्षरं होती: थोडं थांबा, आम्ही तुम्हाला जोडत आहोत. दोघं थांबली. गोल फिरतच राहिला. मग पडदा पांढरा पडला. तिनं पुन्हा उघडला, पुन्हा नंबर घातला. खात्री करायचा आकडा येईपर्यंत त्याची मुदत संपलेली. असं दोन-चारदा झाल्यावर खातंच बंद झालं: सुरक्षेसाठी, म्हणे. मदतीच्या नंबरवर आधी संगीत, मग एक गोड आवाज, तुमचा फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे.

"एवढा महत्त्वाचा आहे तर उचलत का नाहीत?" म्हातारा म्हणाला.

ती हसली, पण म्हाताऱ्याचा श्वास कालच्यापेक्षा वर वर चालला होता. तिनं शेजारणीला बसवलं आणि कचेरी गाठली.

तिथं आधीच गर्दी. सगळ्यांच्या हातात मोबाइल आणि सगळ्यांच्या मोबाइलवर तोच गोल. एक पोर कडेवर घेतलेली बाई रडकुंडीला आली होती. जहाजावर आचारीण असलेल्या एका बाईचा नवरा सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलत होता, "दुकानाचं उद्घाटन केलं आणि शटरच उघडेना! अहो, नवं उघडत नाही तर जुनं तरी कशाला बंद केलंत?" काउंटरवरचा माणूस मान खाली घालून एकच वाक्य परत परत म्हणत होता, "एकदम सगळे आत शिरल्यामुळे ताण आलाय. काम चालू आहे. सहकार्य करा." त्याचे कान लाल झाले होते. सकाळपासून त्यानं किती शिव्या खाल्ल्या असतील, त्याचं त्यालाच ठाऊक.

सोफेवाली रांगेतून पुढे आली तेव्हा तिनं आवाज चढवला नाही.

"कंपनी जहाजाशी बोलत असेलच ना? माल कुठे उतरवायचा, कधी पोचणार, ते कसं सांगता?"

"तो कामाचा फोन आहे, ताई. वेगळा."

"तो चालू आहे?"

त्यानं मागच्या काचेकडे पाहिलं. "चालू आहे. पण घरच्यांना देत नाहीत. मला परवानगी नाही."

"माझे सासरे जायला टेकलेत. त्यांना मुलाशी दोन शब्द बोलायचंय. माणूस पाठवून त्यांना इथं आणते, नाहीतर निरोप तरी द्या."

"इथं प्रत्येकाचं काहीतरी आहे, ताई. एकाला दिला तर सगळ्यांना द्यावा लागेल. संध्याकाळपर्यंत चालू होईल, मी सांगतो ना."

मागचे लोक ढकलत होते. ती बाजूला झाली.

संध्याकाळपर्यंत काही चालू झालं नाही. म्हातारा शर्ट न बदलता तसाच बसून होता. शेवटी तीच म्हणाली, "मामंजी, मोबाइलमध्ये आवाज भरून ठेवता येतो. तुम्ही बोला, मी ठेवते. लागला की त्यांना ऐकवू."

त्यानं मान हलवली. "समोरून तो हूं का चूं करणार नाही, तर मी बोलू कुणाशी?" मग बराच वेळ दम खाऊन म्हणाला, "तूच सांग त्याला. तो गेला त्या दिवशी मी बाहेर आलो नाही. त्याला वाटलं असेल, बाप रागावला. मी रागावलो नव्हतो. घाबरलो होतो. पाण्याचं फार भ्यायलो होतो मी. बाहेर आलो असतो तर त्याला सोडलंच नसतं."

"सांगते."

"सांगशील गं. पण मला म्हणायचं होतं ते."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती चहा गाळत असताना रात्री सोबतीला थांबलेल्या शेजारणीनं आतून हाक मारली. ती हाक ऐकूनच तिला कळलं.

घर माणसांनी भरलं. डॉक्टर आले, गल्लीतले चार जण पुढच्या तयारीला लागले. कुणीतरी विचारलं, मुलाला कळवलंय का? तिनं मोबाइल उघडला. गोल फिरू लागला. तिनं तो पालथा ठेवला, पायात चपला घातल्या आणि ती कचेरीत गेली.

काउंटरवर तोच माणूस. त्यानं तिला ओळखलं.

"काल तुम्ही म्हणालात कामाचा फोन आहे," ती म्हणाली. "आता माणूस गेलाय. हे काम आहे का तेवढं सांगा."

तो उठला. कुणाला विचारलं नाही. काउंटरच्या बाजूची फळी उचलून त्यानं तिला आत घेतलं. काचेच्या पलीकडे एक खोली, खोलीत टेबल, टेबलावर फोन. त्यानं नंबर फिरवला, कुणाशी तरी बोलला, जहाजावरच्या मोठ्या साहेबांना नाव आणि कारण सांगितलं. चहाचा कप निवायच्या आत रिसीव्हर तिच्या हातात होता. पलीकडे इंजिनाची घरघर, आणि मग नवऱ्याचा धावत आल्यासारखा आवाज.

"अगं, तू? या फोनवर कशी?"

"मामंजी गेले," ती म्हणाली. "आज सकाळी."

नुसती घरघर. मग तो म्हणाला, "मी कालपासून लावतोय. म्हटलं, नव्या फोनवर तोंड तरी दिसेल त्यांचं. लागतच नव्हता."

"आम्हीपण लावत होतो. त्यांना बोलायचं होतं तुमच्याशी. स्वच्छ शर्ट घालून बसले होते."

"बाबा? माझ्याशी?"

मग तिनं निरोप सांगितला. शब्द न शब्द सांगितला, स्वतःचं काही न मिसळता. काउंटरवरचा माणूस भिंतीकडे तोंड करून उभा होता.

"परत सांग," नवरा म्हणाला.

तिनं परत सांगितला.

"माझ्यासाठी थांबू नका," शेवटी तो म्हणाला. "मला पोचायला महिना जाईल. उरकून घ्या सगळं. आणि तू..." पुढचं इंजिनाच्या आवाजात गेलं.

रिसीव्हर ठेवल्यावर ती थोडी तिथंच उभी राहिली. काचेतून काउंटर दिसत होता, आणि काल ती जिथं उभी होती ती जागा. फार तर दोन सोफ्यांचं अंतर.

"कालही हा इथंच होता?" तिनं विचारलं.

"हो," तो म्हणाला.

ती घरी गेली.

सगळं उरकल्यावर लोकांना वाटलं, ती आता कोपऱ्यात बसून राहील. पण नवी सोय अजून रडतखडत चालली होती. कधी लागायची, कधी चेहरा दिसायचा तर आवाज नसायचा. आणि जुनं टेबल बंद ते बंदच. एका सकाळी ती एक खुर्ची, कापड आणि दाभण घेऊन कंपनीच्या कचेरीत गेली आणि दर्शनी दालनात भिंतीशी बसून शिवायला लागली. पहारेकरी आला.

"बाई, इथं काय चाललंय?"

"काम. गिऱ्हाइकाला शब्द दिलाय, काम थांबवता येत नाही. आणि इथून हलताही येत नाही. साहेबांना सांगा, आजाऱ्या माणसांसाठी तरी जुना फोन उघडा."

पहारेकरी आपल्या जागेवर परत गेला. फरशी घाण होत नव्हती, आरडाओरडा नव्हता, बाहेर काढायचं तर काय म्हणून काढायचं? दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली. आचारिणीचा नवरा येऊन शेजारी बसला, मग पोरवाली बाई, मग आणखी काही. कुणी घोषणा दिल्या नाहीत. येणारा-जाणारा मात्र विचारायचा, हे कोण? आणि कुणीतरी सांगायचं.

आठवडा सरत आला तेव्हा जिन्यावरून एक मुलगी खाली आली. सोफेवालीपेक्षा बरीच लहान, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. तिनं सांगितलं की ती नव्या सोयीची प्रमुख. दालनातल्या खुर्चीवर बसायचं सोडून ती फरशीवरच बसली.

"तयार नव्हतं ते," ती म्हणाली. "आम्ही वर सांगितलं होतं. पण तारीख जाहीर झाली होती."

"आणि जुनं टेबल?"

"ते चालू ठेवलं तर लोक नव्याकडे वळणार नाहीत, असं ठरलं." तिनं मान खाली घातली. "तुमच्या घरचं मला परवा कळलं."

सोफेवालीला तिचा राग यायला हवा होता. इतके दिवस तो राग तिनं कुणासाठी तरी जपून ठेवला होता. पण समोर बसलेली पोर झोपेनं डुलत होती. "मला माफी नको," ती म्हणाली. "मला टेबल हवंय. आणि घरात कुणी जायला टेकलं असेल तर कामाचा फोन मिळेल, असा नियम हवाय. लिहून भिंतीवर लावा, म्हणजे काउंटरवरच्या माणसाला घाबरावं लागणार नाही."

पोरीनं वर जाऊन काय भांडण केलं ते कुणाला ठाऊक नाही. पण महिना संपायच्या आत टेबल परत आलं, जुन्या बाईंना बोलावणं गेलं, आणि हसऱ्या कुटुंबांच्या चित्राशेजारी तो नियम लागला.

पुढे ती नवी सोयही सुधारली. सोफेवाली ती वापरते. कुणी विचारलं तर चांगली चालते असं सांगते. नवरा सुट्टीवर आला, बापाच्या जागेवर महिनाभर बसला, बोटांना दाभण टोचून घेतलं आणि पुन्हा जहाजावर गेला. तिनं त्याला अडवलं नाही. धक्क्यापर्यंत पोचवायला गेली.

एका दुपारी काउंटरवरचा माणूस दुकानात आला. बरोबर दुरुस्तीला काही नव्हतं. दारात उभा राहून इकडचं तिकडचं बोलला, हवा, गर्दी, रस्त्याचं काम. मग म्हणाला, "आदल्या दिवशीच मी तो फोन द्यायला हवा होता."

ती एका लांब कोचावर कापड ताणत होती. "हो," ती म्हणाली. "द्यायला हवा होता."

तो तसाच उभा राहिला. ती काही वेळ एकटीच कापडाशी झटत होती. कोच मोठा होता, एका टोकाला ओढलं की दुसरं टोक सुटत होतं.

"ते टोक धरा जरा," ती म्हणाली.

त्यानं आत येऊन टोक धरलं आणि ती चुका ठोकू लागली.