सेतारेकीचं मागणं

सेतारेकीने ओढणं सोडलं ते अकुइलाला माती दिल्यावर चौथ्या दिवशी, भरल्या चटईवर, सगळ्या गावासमोर. हे आधीच सांगून टाकतो, कारण एकट्यात सोडलं असतं तर संध्याकाळपर्यंत पुन्हा धरलं असतं. माणूस शब्दाचा पक्का आहे, पण लोकांना दिलेल्या शब्दाचा. स्वतःला दिलेला शब्द तो बिनदिक्कत मोडतो.

आमच्या कंदावू बेटावर घरातलं माणूस गेलं की जवळचे लोक चौथ्या दिवशी एकेक आवडती गोष्ट सोडतात, शंभर रात्रींसाठी. अकुइलाची बायको लितिया हिने दालो सोडला, म्हणजे अळूचे मोठे कंद, ज्यांच्याशिवाय आमचं जेवण जेवण नव्हे. मी केस कापणं सोडलं. माझ्या डोक्यावर कानांच्या वर फारसं काही उगवत नाही हे सगळ्यांना माहीत होतं, पण दुखवट्यात कुणी बोललं नाही. मग अकुइलाचा धाकटा भाऊ सेतारेकी उठला. जमिनीकडे बघत म्हणाला, "मी ओढणं सोडतो."

कुणीतरी फिस्सकन हसलं. मीच हसलो. माझं कामच आहे ते. सेतारेकीचा बाप माझा सख्खा मामा, म्हणजे आम्ही तवाले, आते-मामेभाऊ. आमच्यात तवाल्यांनी एकमेकांची टर उडवायची, मयतातसुद्धा. एकमेकांच्या वस्तू खुशाल उचलायच्या. आणि तवाल्याने तोंड उघडून काही मागितलं तर नाही म्हणायचं नाही. आपल्याजवळ असूनही नाही म्हणालात तर गावात तोंड दाखवायला जागा नाही. मी त्याची गाभण डुकरीण मागितली होती, त्याने दिली. त्याने माझी नवी टॉर्च मागितली, मी दिली आणि तीन महिने अंधारात ठेचा खाल्ल्या.

पण त्या दिवशीचं हसू पुरं झालं नाही, तेही सांगतो. दोघा भावांनी एकाच दिवशी, एकाच काडीवर सुरुवात केली होती. तेव्हा सेतारेकी तेरा वर्षांचा होता. गावठी तंबाखू, वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळलेली. शेवटच्या वर्षात अकुइलाच्या छातीतली शिट्टी देवळाच्या पायऱ्यांवरून ऐकू यायची. दवाखान्यातल्या नर्सबाईंनी जाता जाता सेतारेकीच्या छातीलाही नळी लावली होती. "तीच शिट्टी," त्या म्हणाल्या, "अजून बारीक आहे एवढंच." हे सेतारेकीने बायकोला सांगितलं नाही. मला सांगितलं, आणि सांगताना माझ्याच पाकिटातली एक पेटवली.

तर सोडली. आणि मग गावाच्या नशिबी जे आलं ते विचारू नका.

या माणसाला बसवेना. जेवताना उठे, प्रार्थनेत उठे. तीन दिवसांत त्याने न गळणारं छप्पर शाकारलं, सुरणाचे वाफे दोनदा उकरले, होडीचं इंजिन खोललं आणि जोडलं, तर एक स्क्रू उरला. तो कुठला हे शोधायला पुन्हा खोललं. तोपर्यंत धक्क्यावर जाणारी माणसं किनाऱ्यावर बोचकी घेऊन उभी. कुणी काही बोललं की अंगावर यायचा. आल्याचे तुकडे चघळून जीभ सोलून घेतली. संध्याकाळी सगळे यांगोनाच्या, म्हणजे मुळ्या कुटून केलेल्या आमच्या गुंगीच्या पेयाच्या, परातीभोवती बसायचे, तिथे दोन करवंट्यांच्या मधे प्रत्येकजण ओढणार हे ठरलेलं. म्हणून तो तिथेही येईना. उंबऱ्याबाहेर नारळाच्या ओंडक्यावर बसून आमचा धूर कुठे जातो ते बघायचा.

मी आतून ओरडायचो, "तवाले, आत ये की! नाक झाकून बस!"

"तुझं नाक आधी पुसून घे," तो बाहेरून म्हणायचा. आवाजात दम नसायचा.

अकराव्या दिवशी सकाळी मी होडीतून मासे उतरवत होतो. हा गुडघाभर पाण्यात चालत आला, समोर उभा राहिला आणि माझ्या सदऱ्याच्या खिशाकडे बघून म्हणाला, "केरेकेरे, तवाले. एक दे."

केरेकेरे म्हटलं की मागणं झालं. पुढे बोलायला काही उरत नाही.

मी म्हणालो, "अरे, अकरा दिवस झालेत फक्त."

"मी दिवस विचारले नाहीत."

"अकुइलाचं व्रत आहे, गाढवा."

"मला ठाऊक आहे कुणाचं आहे ते. तू देतोस की नाही?"

मी दिली. माझा हात आपोआप खिशाकडे गेला, पन्नास वर्षांची सवय. तो खाजणाच्या झाडीमागे गेला आणि थोड्या वेळाने आला तेव्हा डोळे लाल, ओठ पांढरे. ओकला होता. माझ्या माशांच्या टोपलीशेजारी बसून हा सहा फुटी माणूस लहान पोरासारखा रडला. "आता अकुइलाला काय सांगू?" म्हणाला.

मला त्याचा राग आला आणि त्याहून जास्त माझा. त्याच दुपारी यांगोनाच्या मुळ्यांची जुडी घेऊन आम्ही दोघे कबरीशी गेलो. त्याने जुडी ठेवली, माफी मागितली. मी मागे बसून रीतीप्रमाणे मानाच्या टाळ्या वाजवल्या आणि मनातल्या मनात मीही मागितली. अकुइलाने ऐकलं असेल. तो भला माणूस होता.

पण मेलेल्या माणसाने माफ केलं तरी जिवंत बायको वास घेतेच. दुसऱ्या दिवशी सेतारेकीची बायको वासिती माझ्या दाराशी आली.

यात काय विशेष, असं तुम्हाला वाटेल. तवाल्याची बायको ही आमच्यात बहीण. आणि बहीण-भावांनी समोरासमोर बोलायचं नाही, निरोप धाडायचा. सत्तावीस वर्षांत वासिती माझ्याशी थेट चार वाक्यं बोलली नसेल. ती अंगणात उभी राहिली आणि फणसाच्या झाडाकडे बघत म्हणाली, "दादा."

मी भिंतीकडे बघत म्हणालो, "बोल."

"ते परत मागतील."

"मागतील."

"तुम्हाला नाही म्हणता यायचं नाही. तेही मला ठाऊक आहे."

"मग मी करू काय, बाई? गाव सोडून जाऊ?"

"तुमच्याजवळ नसू दे," ती म्हणाली. "मला दुसरी लितिया व्हायचं नाही. केरेकेरे, दादा."

आणि गेली. मी भिंतीकडे बघत बसलो. बहिणीचं मागणं तर तवाल्याच्या मागण्याहून भारी. मी पाकीट काढलं, आत सात उरल्या होत्या. शिव्या देत देत सातही समुद्रात टाकल्या. शिव्या कुणाला होत्या हे मलाही कळलं नाही.

खिशात नाही म्हणजे माझ्याही तोंडात नाही, हे माझ्या डोक्यात संध्याकाळी शिरलं. त्यानंतर आम्ही दोघेही ओंडक्यावर बसू लागलो. मी सोडलं वगैरे नव्हतं, हे लक्षात ठेवा. मी फक्त जवळ ठेवत नव्हतो.

गोष्ट गावभर झाली. सेतारेकी एक दिवस घरोघर फिरला, नऊ घरं. प्रत्येक दारात मागितलं आणि प्रत्येक घरात नेमकी कालच संपली होती. आमचे देवळाचे वडीलधारी तर चोरून ओढणारे. त्यांनी घाईत पाकीट लाकडी नगाऱ्याच्या पोटात दडवलं, आणि रविवारी नगारा असा बद्द वाजला की निम्मं गाव प्रार्थनेला उशिरा पोचलं. सेतारेकी रस्त्याच्या मधोमध उभा राहून ओरडला, "सगळं गाव खोटारडं आहे! देव बघतोय!"

लितिया न्हाणीतून ओरडली, "देवाकडे माग मग! त्याच्याकडे असेल!"

शेवटी त्याला खाली बसवलं तेही लितियानेच. भिजवलेल्या काथ्याचा एक भारा तिने त्याच्या मांडीवर आदळला. "हे घ्या भावोजी. हात मोकळे ठेवलेत की ते तोंडाकडेच जाणार. सभाघराला दोरी लागतेय, वळा."

"किती?"

"मी बास म्हणेपर्यंत."

तो वळू लागला. मांडीवर काथ्या घासून पेड काढायचे, तीन पेड गुंफायचे. बायका म्हणायच्या की दोरी बघून दिवस कळतो. ज्या दिवशी तलफ अनावर, त्या दिवशीची दोरी जाड आणि गाठाळ, ज्या दिवशी बरं, त्या दिवशीची सुतासारखी. चाळिसाव्या दिवसापर्यंत नुसत्या गाठीच होत्या. नंतर अधूनमधून हातभर, वावभर नीट लागू लागली. तो रोज सकाळी माझ्याकडे यायचा, केरेकेरे म्हणायचा, मी खिसा उलटा करून दाखवायचो, तो मला आईवरून शिवी द्यायचा आणि जाऊन दोरी वळायचा.

दिवस सरत चालले तशी वासिती वाळत चालली. मला कारण कळत होतं. शंभराव्या दिवशी व्रत सुटतं, आणि सुटायचं म्हणजे ज्याने जे सोडलं ते त्याला सगळ्यांसमोर मानाने द्यायचं. लितियाला दालोचा पहिला घास. आणि सेतारेकीला... ते देणार कोण, तर तवाले. म्हणजे मी.

मी वडीलधाऱ्यांना गाठलं. म्हणालो, "दुसऱ्या कुणाला सांगा. माझी पाठ धरलीय."

"पाठीने नाही, हाताने द्यायचं असतं," ते म्हणाले. "रीत आहे, इनोसी. तू नाही दिलंस तर अकुइलाचं व्रत उघडंच राहील."

शंभरावा दिवस उजाडला. सकाळपासून जमिनीतल्या भट्टीत डुकरं आणि दालो भाजत होते. दुपारी भट्टी उकरली, पानं वाढली. आधी माझे केस कापले. कातरीला कापायला काही सापडेना, तेव्हा शंभर दिवसांत पहिल्यांदा गाव पोट धरून हसलं. मग लितियाने दालो खाल्ला, आणि खाता खाता रडली.

मग भाच्यांनी सुवा शहरातून आणलेलं पाकीट चटईवर आलं. न फोडलेलं, लाल, वर काडेपेटी. मी ते दोन्ही हातांनी उचललं. अठ्ठ्याऐंशी दिवसांनी माझ्या हातात पाकीट होतं, आणि खरं सांगतो, त्या क्षणी मला सेतारेकीची काळजी नव्हती, मला ते स्वतःला हवं होतं. मागच्या रांगेत वासिती बसली होती. ती सरळ माझ्या डोळ्यांत बघत होती, आयुष्यात पहिल्यांदा.

मी पाकीट पुढे केलं. सेतारेकीने घेतलं. न घेणं हा अकुइलाचा अपमान झाला असता. त्याने तीन टाळ्या वाजवल्या, पाकीट नाकाशी नेलं, डोळे मिटले आणि इतका वेळ मिटून ठेवले की कुणीतरी खाकरलं.

"व्रत सुटलं," तो म्हणाला. मग माझ्याकडे वळला. "तवाले, माझं एक मागणं आहे. केरेकेरे."

मी म्हटलं, झालं, काडी मागतोय.

"हे तू घे आणि याचा निकाल लाव. आणि खिसा रिकामा ठेव. कायमचा."

"कायमचा? अरे, मी काय व्रत घेतलंय?"

"मी मागायचं थांबणार नाही," तो म्हणाला. "मला माझी खात्री नाही. रोज मागेन. तुझ्याजवळ असलं की तू देशील, ढ माणसा, तुला नाही म्हणता येत नाही. म्हणून तुझ्याजवळ नको."

सगळं गाव माझ्याकडे बघत होतं. नाही म्हणायची सोय नव्हतीच. मी उठलो, भट्टीतल्या तापल्या दगडांवर पाकीट टाकलं आणि शिव्या घातल्या, या वेळी कुणाला ते मला ठाऊक होतं. धूर निघाला. खोटं कशाला बोलू, आम्ही दोघेही तो संपेपर्यंत धूर येईल त्या बाजूला उभे राहिलो.

याला सात वर्षं झाली. सभाघराच्या तुळया त्याच्या दोरीने बांधल्यात, चाळिसाव्या दिवसापर्यंतची वर कोपऱ्यात, गाठींसकट. नर्सबाई म्हणतात शिट्टी गेली नाही, पण वाढलीही नाही. तो अजून रोज सकाळी येतो. आज आला, मी जाळं शिवत होतो.

"केरेकेरे, तवाले. एक आहे का?"

मी खिसा उलटा केला. दोन गळ आणि थोडी वाळू पडली.

"काय दळभद्री माणूस आहेस," तो म्हणाला, आणि जाळ्याचं दुसरं टोक धरून माझ्या शेजारी बसला.