सरांनी काढलेला रस्ता

दूध उतू जायच्या बेतात, धाकटीच्या एका पायात मोजा, दुसरा सापडत नाही, आणि हे अर्धी दाढी करून "टॉवेल कुठे गेला?" विचारताहेत, तेवढ्यात दारावर टकटक झाली. दारात चित्रकलेचे सर.

आमच्याच जिन्याखाली त्यांची एक खोली. रविवारी तिथे मुलं फरशीवर पालथी पडून चित्रं काढतात. सरांचा धडा आम्हा आयांनाही पाठ आहे: लांबचं लहान, जवळचं मोठं, पुढचं मागच्याला झाकतं. स्वतःच्या पोटावर थाप मारून म्हणायचे, "हे पुढे आलंय, म्हणून पट्टा दिसत नाही. कळलं?" मुलं हसून लोळायची, पण विसरायची नाहीत.

आज सर उंबऱ्याबाहेरच अंग चोरून उभे होते.

"आत या ना."

"नको वहिनी. आधी ऐका."

स्पर्धेसाठी धाकटीनं गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांचं चित्र काढलं होतं. चादरीआड सदरा, सदऱ्याआड आजोबांचा पायजमा, त्याआडून डोकावणारी इवलीशी टाकी. शिकवलं ते सगळं त्यात होतं. पण परीक्षकांना निमुळता होत जाणारा रस्ता आवडतो, हे सरांना ठाऊक. ती ब्रश धुवायला गेली आणि त्यांनी कोपऱ्यात रस्ता ओढून टाकला. पहिला नंबर आला.

बक्षीस देताना पाहुण्यांनी तिला विचारलं, रस्ता कसा जमवलास? ती म्हणाली, "तो सरांनी काढलाय."

"सगळे माझ्याकडे बघायला लागले," सर स्वतःच्या चपलांकडे बघत म्हणाले. "मी हसलो. म्हटलं, लहान आहे, काहीही बोलते."

मी त्या दिवशी सासूबाईंना घेऊन दवाखान्यात होते. धाकटीनं रंगपेटी माळ्यावर टाकायला लावली, तेव्हा विचारलं, तर "कंटाळा आला" एवढंच म्हणाली. वर्गातली मुलं तिला थापाडी म्हणतात, हे मला आत्ता सरांकडून कळलं.

हे तोंडाला फेस तसाच ठेवून बाहेर आले. "अहो सर, पोरं विसरतात हो."

"ती नाही विसरली. मी जिन्यात दिसलो की भिंतीला चिकटून जाते." सरांनी माझ्याकडे पाहिलं. "काल परीक्षकांना सांगून आलो. रविवारी मुलांनाही सांगेन. पण आधी, वहिनी, तिला एक मिनिट बाहेर बोलवा. ती खरं बोलली होती, तेवढं मला तुमच्यासमोर तिला सांगू द्या."