वेताचं टोक

वेतवाल्याला जगात एकाच माणसाचं काम पटायचं, आणि तो माणूस म्हणजे तो स्वतः. प्लास्टिकच्या खुर्चीला तो ‘बसायची बादली’ म्हणे. सुतार त्याच्या लेखी लाकूडफोडे, शिंपी चिंध्या जोडणारे, आणि डॉक्टर म्हणजे अंदाजपंचे दाहोदरसे. खुर्ची कधी मिळेल असं गिऱ्हाइकाने विचारलं, की म्हणे, “एवढी घाई असेल तर जमिनीवर बसा.” माणूस बेताचाच, ताठा मात्र डोंगराएवढा. तरी लोक त्याच्याकडेच येत, कारण त्याच्या खुर्चीला नाव ठेवायला जागा नसे.

आचेवर वेत तो वाकवी. त्याच्या टोकाची खुंटी तासायचं काम बायकोचं. पेन्सिलीएवढ्या वेताचं टोक ती असं निमुळतं करी, की ते खुर्चीच्या चौकटीतल्या भोकात घट्ट बसे.

एका दुपारी खुर्चीच्या पाठीची कमान बसवताना ताणलेला वेत त्याच्या हातून निसटला आणि टोक डाव्या पापणीत घुसलं. त्याने कमान स्वतःच उपटली आणि कोपऱ्यात भिरकावली. पापणीवर मुगाएवढी जखम. रक्त दोन थेंब. डोळा शाबूत.

इस्पितळातल्या तरुण डॉक्टरने एक्सरे काढला, त्यात काही दिसलं नाही, म्हणून एक टाका घातला. “आजोबा, नशीबवान आहात.”

“नशीब कसलं? मान मी मागे घेतली.”

चौथ्या दिवशी ताप चढला. डोकं ठणकू लागलं. वाकला की नाकातून नितळ पाणी ठिबके.

“सर्दी आहे,” तो म्हणाला.

“एकाच नाकपुडीतून? आणि शिंक एकही नाही?”

“तू कधीपासून डॉक्टरीण झालीस?”

ती उठली. कोपऱ्यातली कमान उचलून पुढचं काम करायला बसली, आणि हात थांबला. वेताच्या टोकाला खुंटी नव्हती, नुसत्या फाटलेल्या शिरा होत्या. तिने खोली झाडली, पेटी सरकवली, केरसुद्धा चाळला. मग त्या बडबडणाऱ्या माणसाला गाडीत घातलं आणि कमान काखेत मारून निघाली.

“आजी, एक्सरेत काहीच नाही,” तरुण डॉक्टर वैतागून म्हणाला.

“नसेल. पण खुंटी घरातही नाही. मी ती बोटाच्या दोन पेरांएवढी तासते. ती गेली कुठं?”

“पडली असेल कुठंतरी.”

“घर सगळं झाडलंय, बाळा. आता यांचं डोकं तेवढं बघायचं राहिलंय.”

शेजारून जाणाऱ्या मोठ्या डॉक्टरीणबाई थांबल्या. त्यांनी वेताचं फाटकं टोक बोटाने चाचपलं. “साध्या एक्सरेत लाकूड दिसेलच असं नाही, हे कोणी शिकवलं नाही का तुम्हाला?” तरुण डॉक्टरचा चेहरा पडला. ताबडतोब डोक्याचं स्कॅन झालं. डोळ्याच्या खोबणीचं छत अंड्याच्या कवचासारखं पातळ असतं. ते फोडून खुंटी मेंदूत जाऊन बसली होती आणि भोवती पू धरला होता; नाकातून ठिबकत होतं ते मेंदूभोवतीचं पाणी. “उद्या आणलं असतं तर आणायची गरजच उरली नसती,” बाई म्हणाल्या.

कवटी उघडून पाच तास शस्त्रक्रिया चालली. तो वाचला. शुद्धीवर येताच पुटपुटला, “एक काडी काढायला पाच तास? आणि चार माणसं?”

डावी पापणी आता अर्धीच उघडते. इस्पितळात असतानाच एकदा फिटचा झटका आला, म्हणून गोळ्या रोज घ्यायच्या आणि आचेजवळ जायचं नाही. वेत वाकवते बायको, आणि तो खाटेवरून नाकं मुरडतो. गोळी मात्र जिभेखाली लपवून नंतर थुंकतो, हे तिने घरी आल्यावर पहिल्याच आठवड्यात ओळखलं. त्या आठवड्यात दुसरा झटका आला होता.

तेव्हापासून ती सकाळ-संध्याकाळ पाण्याचा पेला घेऊन समोर उभी राहते.

“आ करा.”

“मी काय घोडा आहे, दात बघायला?”

“घोड्याला सांगितलेलं कळतं. जीभ वर करा.”

तो जीभ वर करतो. तिसरा झटका अजून आलेला नाही.