घराला पांघरूण घालणारे वामनभाऊ

वामनभाऊंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते स्वतःच्याच घराला प्रदक्षिणा घालत होते. हातात पेटलेली उदबत्ती, डोक्याला मफलर आणि अंगात नुसतं बनियन. दिवाळी नुकतीच आटोपली होती. कुरखेड्याजवळच्या त्या गावात नर्स म्हणून रुजू होऊन मला आठवडाही झाला नव्हता. घराण्याची काही रीत असेल, असं समजून मी रस्त्यावरूनच हात जोडले. ते थांबले. उदबत्ती भिंतीच्या एका फटीजवळ नेली, धूर आत ओढला गेला तशी समाधानानं मान हलवली आणि मला म्हणाले, "हात काऊन जोडता सिस्टरबाई? देव नाई पाहून राह्यलो. भोक पाहून राह्यलो."

वामनभाऊ वडशाच्या एका राईस मिलमध्ये मशीनवर होते. तिथून मोकळे झाल्यावर गावच्या घरी येऊन राहिले. मातीच्या भिंती, वर कवेलू म्हणजे कौलं, पुढे उघड्या पडवीसारखी छपरी. घरात दोघंच, ते आणि त्यांच्या पत्नी कौसाबाई. एकुलती मुलगी नागपुरात दिलेली. कौसाबाईंना दमा होता. थंडी पडली की त्यांची छाती पेटीसारखी वाजायची. कुठल्याशा डॉक्टरांनी एकदा सहज सांगितलं होतं, "यांना गार वाऱ्यापासून जपा." डॉक्टर ते वाक्य विसरूनही गेले असतील. वामनभाऊंनी मात्र उरलेलं आयुष्य त्यावर लावलं.

औषधाच्या पंपावर त्यांचा भरवसा नव्हता. त्यांच्या मते दुखणं कौसाबाईंना नव्हतंच, घराला होतं. "घराले सर्दी झाली का मंग माणसाले होते," ते मला समजावून सांगत. "अंदर रजई घेऊन का फायदा? घर तं बाहेर उघडंच उभं हाय. तुमीच सांगा, स्वेटर बाहेरून घालतेत का अंदरून?" उत्तरेकडून येणाऱ्या वाऱ्याला ते 'पाहुणी' म्हणत. "पाहुणी मोठी हुशार हाय. दारातून नाई येत. पह्यले कवेलू चाचपते, मंग खिडकी."

मी आले त्या वर्षी त्यांनी उत्तरेची भिंत तणसानं, म्हणजे भाताच्या पेंढ्यानं, मढवली. धानाची मळणी झाली होती, गावात तणसाला तोटा नव्हता. बांबूच्या कांबी आडव्या ठोकून त्यांनी पेंढ्या इतक्या नीट बांधल्या, की भिंतीला जाड गादी लावल्यासारखी दिसू लागली. एका दुपारी वामनभाऊ जेवून आडवे झाले होते. तेवढ्यात शेजारच्या मोतीरामची म्हैस दावं तोडून आली आणि जमिनीपासून तिचं तोंड पोचेल तिथपर्यंतची भिंत खाऊन गेली.

वामनभाऊ थेट पोलीस पाटलांकडे गेले. मी तिथे पाटलांच्या सुनेला तपासायला गेले होते, म्हणून सगळं ऐकलं.

"मोतीरामच्या म्हशीनं माही भिंत खाल्ली," वामनभाऊ म्हणाले.

पाटलांनी मोतीरामला बोलावून घेतलं. मोतीराम शांतपणे म्हणाला, "पाटील, म्हैस भिंत खाते का? तणीस दिसलं तं तणीस खाल्लं. तिले का मालूम, ते तणीस हाय का भिंत हाय?"

"मी बांधलो तवा ते भिंत झालं," वामनभाऊ म्हणाले.

पाटलांनी निकाल दिला, की तोंड पोचेल तेवढ्या उंचीपर्यंत ते तणीस आणि त्याच्या वर भिंत. दोघांनाही तो पटला. पण पाहुणी नेमकी खालूनच येत होती. कौसाबाईंचा खोकला त्या हिवाळ्यात वाढला. वामनभाऊ म्हशीशी बोलेनासे झाले. मोतीरामशी बोलत.

पुढच्या वर्षी ते वडशाला गेले आणि बैलबंडी भरून परत आले. थंडीच्या दिवसांत आमच्याकडे गावोगाव नाटकं होतात आणि त्या नाटक कंपन्यांचा तळ वडशाला असतो. तिथल्या एका ओळखीच्या मालकानं जुने रंगवलेले पडदे टाकायला काढले होते. जाडजूड कापड, वर रंगांचे थरावर थर. "याच्यातून हवा तं सोडा, पाणी नाई जाणार," वामनभाऊ म्हणाले. तीन पडदे होते. तुरुंगाचा पडदा सगळ्यात जाड, म्हणून तो उत्तरेच्या भिंतीला गेला. पूर्वेला राजाचा दरबार आला. समोर, रस्त्याच्या बाजूला, जंगल.

त्या जंगलात एका झाडाखाली वाघ बसलेला होता. चितारणारा हात चांगला असावा. बाजाराच्या दिवशी, तिन्हीसांजेला, परगावची माणसं त्या रस्त्यानं परतत होती. वाघ पाहून ती आली तशी मागे पळाली. आमच्या भागात वाघ म्हटल्यावर कुणी जवळ जाऊन खात्री करून घेत नाही. सकाळी जंगलखात्याची जीप दारात उभी. गार्डनं विचारलं, "काल इथं वाघ दिसला म्हणतेत?"

"आताबी हाय," वामनभाऊ म्हणाले. "पण तो बसूनच हाय. उठला तं मीच कळवतो."

त्याच आठवड्यात त्यांचे जावई मागच्या वाटेनं आले. सासऱ्याच्या घराला मोठमोठे गज आणि त्या गजांपुढे तांदूळ निवडत बसलेल्या सासूबाई, असं दृश्य पाहून ते पिशवी खाली ठेवून नुसतेच उभे राहिले. "मामीजी, का झालं?" एवढंच त्यांच्या तोंडून निघालं.

खरी पंचाईत आत होती. वामनभाऊंनी पडद्यांच्या कडा शेणामातीनं लिंपल्या, खिडक्यांवर पोती ठोकली, कवेलूंच्या सांदी बुजवल्या. घर चहूबाजूंनी बंद झालं आणि चुलीचा धूर आतच कोंडला. मी कौसाबाईंना पाहायला गेले तेव्हा श्वासासाठी त्यांचे खांदे वरखाली होत होते.

"तुमी हवेले घरात यायचं बंद केलं," त्या नवऱ्याला थांबत थांबत म्हणाल्या, "मंग मी आता श्वास कायचा घेऊ?"

मीही वामनभाऊंना निक्षून सांगितलं, की धूर बाहेर जायला वाट हवी. ते कावरेबावरे झाले. एवढ्या कष्टानं बुजवलेलं भोक स्वतःच्या हातानं पाडायचं, हे त्यांच्या जिवावर आलं. त्यांचा निर्णय व्हायच्या आत कौसाबाई उठल्या, बाज ओढत बाहेर नेली आणि पूर्वेच्या भिंतीशी कोवळ्या उन्हात बसल्या. मागे दरबार होता. बाज अशी पडली, की रंगवलेलं सिंहासन बरोबर त्यांच्या पाठीशी आलं. जाणारे-येणारे "राणीसाहेब, जोहार" म्हणू लागले. त्या हसायच्या, हसताना खोकायच्या आणि खोकला थांबला की पुन्हा हसायच्या. हळूहळू नुसतंच हसू राहिलं. तो हिवाळा त्यांनी दरबारातच काढला. सगळं तिथेच, भाजी चिरणं, पोरीशी फोनवर बोलणं, दुपारची झोपही.

वामनभाऊ हताश. "घर गरम करून ठेवलो अन् तू बाहेर बसते?"

"बाहेर चांगलं केलं तं बाहेरच बसन ना," कौसाबाई म्हणाल्या.

शेवटी त्यांनी चुलीच्या वर एक भोक पाडलं. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

कौसाबाई गेल्या त्या हिवाळ्यात नव्हे. भाद्रपदात गेल्या. पाऊस थांबून उकाडा झाला होता, ताप छातीत उतरला आणि दवाखान्याची गाडी पोचेपर्यंत सगळं संपलं. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला वामनभाऊ एकच सांगत होते, "हवा बिलकुल नव्हती. पान हालत नव्हतं." जणू त्यांच्याशी कुणी ठरलेला करार मोडला होता. मी बराच वेळ जवळ बसले.

दिवाळी झाली. आता ते काही करणार नाहीत, असं सगळ्यांना वाटलं. पण एका सकाळी वामनभाऊ शिडीवर दिसले. पडदे, पोती, शेणमाती, सगळं पहिल्यासारखं. स्वतः मात्र उघड्या छपरीत झोपत. मी विचारलं, "भाऊ, आत कुणीच नाही. मग हे कुणासाठी?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच काही वेडगळ बोलले होते. "आत कोणी नाई म्हणून घराले थंडी नाई वाजत का?"

त्यानंतर मुलीनं त्यांना नागपूरला नेलं. सहाव्या मजल्यावरचा फ्लॅट. पुढच्या वर्षी थंडीच्या सुरुवातीला त्यांचा फोन आला. आवाज हरवल्यासारखा होता. "सिस्टरबाई, इथी सारं हाय. गरम पाण्याचा नळ हाय. पण या घराले बाहेरच नाई. बाहेरची भिंत सोसायटीची हाय म्हणतेत. माह्या वाट्याले नुसतं अंदर आलं."

पौषात प्रशिक्षणासाठी नागपूरला गेले तेव्हा वाकडी वाट करून त्यांच्याकडे गेले. वर जावं लागलंच नाही. गेटजवळ वॉचमनची पत्र्याची टपरी होती. तिला चारी बाजूंनी फ्रिजची खोकी, पोती आणि कुणाकुणाच्या वाढदिवसाचे शुभेच्छा-फ्लेक्स गुंडाळले होते. पन्नासेक माणसं हात जोडून रस्त्याकडे हसत होती. टपरीपाशी वामनभाऊ उभे होते, तोंडात दोरी धरून.

"या, या," दोरी काढून ते म्हणाले. त्यांचा चेहरा टवटवीत होता. आत बालाघाटकडचा म्हातारा वॉचमन बसला होता, त्यांच्याहूनही थकलेला. त्यानं सरकून मला स्टूल दिलं. "बाबूजी रोज कुछ न कुछ करते हैं," तो कौतुकानं म्हणाला.

"भाऊ, तुम्हीही आत या ना," मी म्हटलं.

"मी बसत नसतो आत. अंदर बसलो तं कसं समजन, पाहुणी कुठून येते तं?" त्यांनी बाहेरून खोक्यावर तळहात दाबला आणि विचारलं, "येते का?"

आत गरम, कोंदट अंधार होता. वाऱ्याचा मागमूस नव्हता. मी वॉचमनकडे पाहिलं. त्यानं डोळे मिटून हळूच होकाराची मान डोलावली.

"येते भाऊ," मी म्हटलं. "थोडीशी. खालून."

"वाटलंच मले," वामनभाऊ म्हणाले, आणि कामाला खाली बसले.