दामूशेठच्या गाडीचा निळा धूर

"ही गाडी हाय का मच्छर मारायचं मशीन?" दामूशेठ गाडीवरून उतरायच्या आधीच ओरडले. मागे अख्खा रस्ता निळा झाला होता.

दामूशेठ शेलार गावचे. कामतघरला माझ्या गॅरेजजवळच त्यांचे बारा लूम, म्हणजे कापड विणायचे यंत्रमाग. गाडी शंभर सीसीची, फोर स्ट्रोक, मला मिसरूड फुटायच्या आधीची. महिन्यापूर्वी याच धुरासाठी मी तिचं बोअर-पिस्टन केलं होतं. म्हणजे सिलिंडर आतून घासून जरा मोठा करायचा आणि त्या मापाचा नवा पिस्टन टाकायचा. इंजिनाचं मोठं ऑपरेशनच ते. आणि पेशंट पुन्हा दारात!

धुराचं साधं आहे. काळा म्हणजे पेट्रोल जास्त जातंय. निळा म्हणजे ऑईल जळतंय. थंडीत सकाळी थोडा वेळ पांढरा दिसतो ती नुसती वाफ, त्यासाठी मेकॅनिककडे धावू नये. दामूशेठची गाडी निळीशार. शिवाय हेडच्या जोडातून, गिअरच्या सीलमधून, साइड कव्हरमधून ऑईल पाझरत होतं. एवढं पाणी आमच्या नळाला येत नव्हतं.

"शेठ, दोन दिवस द्या."

"घे की. मी हितंच बसतो."

खरंच बसले, समोरच्या चहाच्या टपरीवर. येईल त्याला सांगायचे, "याच्याकडं गाडी देऊ नको रं. माजी बघ काय केलीन!" दुसऱ्या दिवशी माझी नेहमीची दोन गिऱ्हाइकं सरळ पुढच्या गॅरेजला गेली. एकाने तर जाता जाता मला नमस्कारही केला. अंगाचा नुसता तिळपापड झाला. पण बोलणार काय? गॅरेज नवं, भांडवल म्हणजे फक्त नाव, आणि तेच धुरात चाललेलं.

पुन्हा इंजिन उघडलं. पिस्टन छान. रिंगा छान. तरी व्हॉल्व्हचे सील नवे टाकले, सगळी पॅकिंगं बदलली. किक मारली. निळा धूर! मी अशी काही शिवी हासडली की टपरीवाल्याच्या हातातला कप हिंदकळला.

त्या रागात मी इंजिन चालू असतानाच ऑईलची लेव्हल बघायची पट्टी ओढली. फुस्स! गरम ऑईल थेट तोंडावर. टपरीवर हशा पिकला. पुढची शिवी मात्र मी गिळली. आत एवढं प्रेशर आलं कुठून?

पिस्टन खाली आला की त्याच्याखालची हवा दाबली जाते. ती बाहेर जायला इंजिनाला एक रबरी पाइप असतो, त्याला ब्रीदर म्हणतात. इंजिनाचं नाकच समजा. नाक बंद झालं की दाब मिळेल त्या फटीतून ऑईल ढकलतो. बाहेर आलं की गळती, वर जाऊन जळलं की धूर. मी पाइपाचं टोक चाचपलं. आत काहीतरी टणक. पकडीने ओढलं तर काळाकुट्ट बोळा निघाला, लूमवरच्या सुताच्या वेस्टचा, म्हणजे टाकाऊ धाग्यांचा. आग रामेश्वरी, आणि माझा बंब सोमेश्वरी!

"शेठ, हा कोणी कोंबला?"

"मीच," दामूशेठ छाती फुगवून म्हणाले. "गाडी कारखान्यात लावतो, कापडाच्या ताक्यांजवळ. पायपातून थेंब पडला, ताक्याला डाग लागला. डागाचा माल यापारी घेत न्हाय. म्हनून बूच मारला. थेंब बंद झाला का न्हाय?"

रोगापेक्षा इलाज भयंकर म्हणतात तो हाच. गाडी चालू केली. सायलेन्सरमध्ये साचलेलं ऑईल जळेपर्यंत दहा मिनिटं धूर आला, मग विरळ झाला, मग थांबला. दामूशेठ लहान मुलासारखे खूश.

"बूच कधी मारला होतात?" मी विचारलं.

"पयल्यांदा तुज्याकडं आनली ना, त्याच्या आधी."

म्हणजे बोअर-पिस्टनही उगाच केलं होतं. तेव्हा तो पाइप मीच काढला, मीच परत लावला, आत डोकावून पाहिलं नाही. गप्प बसलो असतो तर कोणाला कळणार होतं? पण त्या खूश चेहऱ्यासमोर लाज वाटली.

"शेठ, ते ऑपरेशन करायची गरजच नव्हती. चुकलं माझं."

दामूशेठ टपरीकडे वळून ओरडले, "याला अक्कल न्हाय! पन कबूल करतो. गाड्या यालाच द्या रं!"

गिऱ्हाइकं परत आली. आता धूर ओकत गाडी आली की मी पाना खाली ठेवतो आणि मालकाला आधी विचारतो, "तुम्ही स्वतः काय काय दुरुस्त केलंत?"